गूळपोळी गरम करू नये

डब्याचं झाकण अजून परत आलेलं नाही, हे आधी सांगून टाकते. डब्यावर आईचं नाव घातलेलं आहे, झाकणावर नाही. तिथेच फसले.

आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत यंदा संक्रांतीचं एकत्र जेवण ठरलं. ज्याने त्याने आपापल्याकडचं आणायचं. सहाव्या मजल्यावरच्या तमिळ मामींचा सक्करै पोंगल, बंगाली वहिनींचा पाटिसापटा, पंजाबी घरातून आदल्या रात्रीच्या लोहरीतली उरलेली रेवडी. (उरलेली म्हणू नये. तिळगूळ खाल्लाय, गोड बोलायला हवं.) आणि उंधियू. उंधियू म्हणजे आपल्या भोगीच्या भाजीची श्रीमंत घरात दिलेली बहीण. वांगी, पापडी तीच, पण अंगावर तेल आणि मेथीचे मुठिये.

मी पंचवीस गूळपोळ्या नेल्या. रात्री एक वाजेपर्यंत लाटत होते. चिक्कीचा गूळ चालत नाही, पोळी दगड होते. साधा मऊ गूळ किसायचा. त्यात तिळाचा कूट, खसखस, खमंग भाजलेलं बेसन. सारण कडेपर्यंत गेलं पाहिजे, आणि पोळी फुटली तर गूळ तव्यावर जळून पुढच्या चार पोळ्या कडू. एवढं करून ती गार खायची, वर साजूक तूप.

टेबलाशी एक काका आले. गळ्यात मफलर, डोक्यावर पंखा चालू.

"भाभीजी, ये ठंडा है."

"अंकल, ये ठंडाच खाने का होता है."

"पोली कभी ठंडी खाते है क्या? हमारे में गरम खाते है."

'हमारे में' म्हणजे कोणाच्यात, ते मी विचारलं नाही. भाभीजी म्हणणारा माणूस आपल्यातला असेल, हे डोक्यातच आलं नाही.

"वो पुरन की, अंकल. ये गूळ की है. गरम किया तो गूळ पातळ होयेगा, जीभ भाजेगी."

"कुछ नहीं होता. मेरेको चालीस साल का अनुभव है."

कशाचा, देव जाणे. मेरेको, अनुभव, हमारे में... आता आठवलं की पुरावे दिसतात. तेव्हा मीही 'भाजेगी'च्या वर गेले नव्हते.

काकांनी डबाच उचलला. आठ पोळ्या क्लबहाउसच्या मायक्रोवेव्हमध्ये, दोन मिनिटं. ताट बाहेर आलं तेव्हा कडांतून गूळ नुसता उकळत होता. मी "अंकल, रुको!" म्हणेपर्यंत घास तोंडात.

"आई गंऽऽ! मेलो, मेलो!"

क्लबहाउस गप्प. मला जिभेचं सोडा, भाषेचा धक्का बसला.

"अय्या, काका, तुम्ही मराठी?"

"मग? मूळचे चिपळूनचे," काका तोंडात बर्फ धरून म्हणाले. "तुमी हिंदीत बोलत होतात, मला वाटलं तुमी यूपीच्या."

मी! यूपीची! हातात गूळपोळीचा डबा, अंगावर संक्रांतीची काळी चंद्रकळा! १ मे १९६० ला मुंबईसह राज्य मिळालं, ते दोन मराठी माणसांनी कांदिवलीत हिंदीतून भांडावं म्हणून? तारीखही १४ जानेवारी. १७६१ च्या पानिपतापासून ती आपल्याला लाभलेली नाहीच. आणि तेवढ्यात मामी, माटुंग्यात वाढलेल्या, उरलेल्यातली गार पोळी उचलून स्वच्छ मराठीत विचारतात, "तूप कुठे ठेवलंस गं?"

जीभ भाजल्याबद्दल मी सॉरी म्हटलं. का म्हटलं, कळत नाही. मी बजावलं होतं. आठ पोळ्या कचऱ्यात गेल्या, त्याबद्दल मला कोणी सॉरी म्हटलं नाही.

काल रात्री ग्रुपवर पुढच्या वर्षीची यादी आली. उंधियू, पोंगल, पाटिसापटा, रेवडी, सगळे आपापल्या जागी. माझ्या फ्लॅट नंबरापुढे लिहिलंय : पेपर प्लेट, १०० नग. काकांनी त्याला अंगठा दिलाय.

खाली मी झाकणाचं विचारलं. हिंदीत विचारलं.