ओटो यान : पोथ्या, रंगवलेली भांडी आणि मोझार्ट

संगीतकार मोझार्टच्या नावावर एक पत्र सारखं फिरत असतं. गाडीतून जाताना, जेवून फेरफटका मारताना, रात्री झोप येत नसताना सुरावटी आपसूक सुचतात आणि अख्खी रचना मनात एकदम उभी राहते, अशा अर्थाचा त्यातला मजकूर. प्रतिभेवर भाषण ठोकायचं असलं की हमखास उपयोगी. अडचण एवढीच, की ते पत्र मोझार्टचं नाही. तो १७९१ साली गेला आणि हे पत्र १८१५ साली लाइपझिगच्या एका संगीत-साप्ताहिकात अवतरलं. छापणारे होते संपादक फ्रीडरिश रोखलित्स. मूळ कागदाचा पत्ता नाही. ते बनावट आहे, हे ओटो यानने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं होतं.

हा यान (१८१३–१८६९) पेशाने संगीतसमीक्षक नव्हे, लॅटिन-ग्रीकचा पंडित आणि पुरातत्त्वज्ञ. त्याची ओळख ‘मोझार्टचा चरित्रकार, शिवाय पुरातत्त्वज्ञही’ अशी करून देतात, ती मला उलटी वाटते. पोथ्यांवर हात बसला होता म्हणूनच ते चरित्र जमलं.

१८४३ साली त्याने पर्सिअस या रोमन कवीची चिकित्सित (पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवणारी) आवृत्ती काढली. कवी लहानसा : सहा उपरोधिका, जेमतेम ६५० ओळी. पण प्रती भरपूर. अशा वेळी पहिलं काम म्हणजे प्रत्येक पोथी शब्दन् शब्द ताडून पाठभेद टिपणं. मग चुका बघायच्या, बरोबर पाठ नव्हे. दोन पोथ्यांत तोच बरोबर शब्द असला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पण तीच विचित्र चूक किंवा तीच गळलेली ओळ दोन्हीकडे असली, तर त्या एका घरातल्या. एखादी पोथी हाताशी असलेल्या दुसऱ्या पोथीवरूनच उतरवलेली ठरली, तर ती बाजूला. एकीवरून उतरलेल्या दहा प्रतींचं मत एकच धरायचं.

हे बिघडतं कुठे? अडाणी लेखनिकापाशी नाही. तो चुकतो, पण त्याची चूक ओळखू येते. घात करतो तो शहाणा लेखनिक. त्याला ओळ खटकते, तो ती ‘सुधारतो’, आणि सुधारलेली ओळ मूळ ओळीपेक्षा गुळगुळीत दिसते. दुसरा घोळ सरमिसळीचा. समोर दोन पोथ्या ठेवून थोडं हिच्यातलं, थोडं तिच्यातलं घेतलं, की वंशावळ कोलमडते. (पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं काम करणारे सुकथनकर बर्लिनला ल्यूडर्स या संस्कृत-पंडिताकडे शिकले होते. आदिपर्वाच्या प्रस्तावनेत ते या सरमिसळीशी कसे झगडलेत, ते जरूर वाचा.)

पर्सिअसच्या दोन पोथ्यांत शेवटी एक पुष्पिका, म्हणजे समाप्तीची टीप आहे. साबिनस नावाचा लष्करातला माणूस इ. स. ४०२ मध्ये बार्सिलोनात बसून सांगतो, की ताडून बघायला दुसरी प्रत नसताना मी माझी प्रत दुरुस्त करायचा प्रयत्न केला. बिचारा प्रामाणिक आहे, पण संपादकाचे कान इथेच टवकारायला हवेत : ताडायला प्रत नव्हती, म्हणजे दुरुस्त्या अंदाजाने झाल्या. अशा पुष्पिकांवर यानने १८५१ साली स्वतंत्र निबंध लिहिला. मजकूर कुणी, कुठे, कशावरून तपासला, हे सांगणारा तो कोपरा इतर लोक नुसतं पान उलटून सोडून देत.

त्याच वर्षी मोमसेन आणि हाउप्ट या सहकारी प्राध्यापकांसोबत त्याची लाइपझिगची प्राध्यापकी गेली. कारण १८४९च्या क्रांतिकारी घडामोडींतली राजकीय भूमिका. पुढची नोकरी बॉनला, थेट १८५५ साली. मधल्या काळात त्याने बव्हेरियाचा राजा लुडविग याच्या म्युनिकमधल्या संग्रहातल्या प्राचीन भांड्यांची सूची केली (१८५४). १८२८ पासून इटलीत व्हुल्चीच्या थडग्यांतून अशी हजारो भांडी निघाली होती आणि सापडली एट्रुरियात (इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांच्या मुलखात) म्हणून ‘एट्रुस्कन’ म्हणायची सवय सुटत नव्हती. यानने सूचीला लांबलचक प्रस्तावना जोडली आणि कुठली भांडी कुठे सापडली, त्यांच्यावर कुठली लिपी आहे, कुणाची नावं आहेत, याचा हिशेब मांडला. लिपी इथे फार बोलते. अथेन्सने इ. स. पू. ४०३च्या सुमारास आयोनियन वर्णमाला स्वीकारली. त्याआधीच्या तिथल्या लिपीत दीर्घ ए आणि दीर्घ ओ यांना वेगळी अक्षरं नव्हती. ही जुनी अथेनियन लिपी इटलीतल्या थडग्यातल्या सुरईवर दिसली, तर ती सुरई अथेन्सहून जहाजाने आली असं मानायला भक्कम आधार मिळतो. चित्रांत गूढ दीक्षाविधी शोधणाऱ्यांचं यानपुढे फारसं चाललं नाही.

सूची करणं म्हणजे कारकुनी, असं मानणाऱ्यांनी एक नोंद स्वतः करून बघावी. आकार, उंची, दोन्ही बाजूंची चित्रं, कोण काय धरून उभं आहे, अक्षरं कुठल्या दिशेने लिहिलीत. आणि सगळ्यात वेळखाऊ म्हणजे जुनं किती आणि विक्रेत्याने बुजवून रंगवलेलं किती. ते चुकलं, तर पुढचे लोक एकोणिसाव्या शतकातल्या रंगाऱ्याच्या हाताला ग्रीक पुराणकथा समजून त्यावर निबंध लिहितात.

याच सवयीने त्याने मोझार्टला हात घातला : चार खंड, १८५६ ते १८५९. पत्रं आणि स्वहस्तलिखितं आधी, आठवणी नंतर, आणि आठवण सांगणारा तिथे हजर होता का, हा प्रश्न प्रत्येक वेळी. मोझार्टच्या रचनांची क्रमवार सूची करणाऱ्या क्योखेलने १८६२ साली ती यानलाच अर्पण केली.

आता दुसरी बाजू. यानचा मोझार्ट फार नितळ आहे, ग्रीक संगमरवरासारखा. कागद तपासताना कठोर असणारा हा माणूस माणसाचं चित्र काढताना आपल्या अभिजाततेच्या आदर्शाला भुलला. १९१९–२१ मध्ये संगीत-अभ्यासक हेर्मान आबर्टने हाच ग्रंथ नव्याने लिहून प्रसिद्ध केला. कागदपत्रांची चौकट त्याने यानकडून घेतली, पण त्यातला मोझार्ट मात्र बराच काळोखा आणि अस्वस्थ झाला. मला आबर्टचा पटतो.