ग्लँड नटाच्या नावानं चांगभलं

खड्.

माझ्या जुन्या डॅटसन २४०झेडच्या एका बाजूच्या इन्सर्टला, म्हणजे स्ट्रटच्या नळीत बसणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरला, पाच तास घातल्यावर, चाक चढवून, हात धुऊन गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच कोपऱ्यावर खड्. मोठ्या खड्ड्यात नाही हं, तिथे बाकीच्या गोंगाटात साहेब लपून राहतात. काँक्रीटच्या जोडांवरून जाताना मात्र खड्-खड्-खड्, पत्र्याच्या डब्यात सुटं नाणं ठेवून कुणी हलवावं तसं. पुढचा डावा स्ट्रट, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा स्प्रिंगचा खांब. नवा इन्सर्ट, नवा बंप स्टॉप, नवा बूट (दांड्यावरचं रबरी आवरण), आणि वर हे.

आता सगळे म्हणणार टॉप माउंटचं बेअरिंग बघा. बघितलं. स्वे बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक बघा. बघितली. स्प्रिंगचं टोक खालच्या बशीच्या खाचेत नीट टेकलंय का बघा. अहो, टेकलंय!

ग्लँड नट होता, नळीच्या तोंडाशी बसून इन्सर्टला आत दाबून धरणारा. घट्ट होता, चांगला टॉर्क पाना लावून, कट्ट आवाज येईपर्यंत घट्ट. फक्त तो इन्सर्टवर घट्ट नव्हता, नळीच्या काठावर घट्ट होता. नटाची कॉलर काठाला टेकली, पाना कट्ट म्हणाला, आणि आत इन्सर्ट मिलीमीटरभर मोकळा, वरखाली नाचायला. टॉर्क पाना एवढंच सांगतो की नट कशावर तरी आवळलाय. कशावर, ते विचारायची सोय त्यात नाही.

तपासायला अर्धा मिनिट लागतो. इन्सर्ट नळीत तळापर्यंत सोडायचा, नट हाताने टेकेपर्यंत फिरवायचा आणि कॉलर व काठ यांच्यात फट दिसते का बघायचं. पूर्ण आवळल्यावरही केसभर फट दिसलीच पाहिजे. कॉलर काठाला चिकटली की समजा इन्सर्ट आत सुटा आहे, तळाला चकती हवी. हे एक वाक्य खोक्यातल्या कागदावर छापायला काय होतं? कागदावर काय आहे, तर ‘प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच बसवून घ्या’. आणि एक बाण. बाण वर दाखवतो. धन्यवाद, इन्सर्टचा दांडा वर असतो हे कळलं होतं.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, ‘१९७० ते ७८, सगळ्या झेडना बसतो.’ बसतो म्हणे! आजोबांची टोपीसुद्धा नातवाला बसते, नाकापर्यंत येते एवढंच. २८०झेडची नळी २४०पेक्षा जाड असते, पुढचा इन्सर्ट आणि मागचा इन्सर्ट लांबीला वेगळे, आणि हा माणूस नऊ वर्षांच्या गाड्या एका खोक्यात भरतो. टोकिको कंपनीने इलुमिना हे इन्सर्ट बनवणं बंद केलं तेव्हापासून पर्यायही कमी झाले, म्हणून यांची ही मिजास.

निघालंच आहे तर हे काम शिकवणाऱ्या त्या व्हिडिओवाल्यांचंही घेऊ. उंटावरून शेळ्या हाकणारी जमात. यांच्या गाडीचा प्रत्येक नट दोन बोटांनी सुटतो, कारण गाडी अॅरिझोनाच्या वाळवंटात जन्मभर वाळलेली. मिशिगनमध्ये रस्त्यावर मीठ टाकतात, साहेब. इथला ग्लँड नट नळीशी लग्न लावून बसलेला असतो. दोन दिवस आधीपासून अॅसिटोन आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मंनिम्मं करून आट्यांवर सोडा, मोठा पाइप पाना लावा, तो घसरला की छन्नी लावून नटाला उलट्या दिशेने ठोके द्या, तेव्हा कुठे तो कुरकुरतो. यावर व्हिडिओतला काय सांगतो? ‘जरा ज्योत मारा.’ आत गॅसवाला इन्सर्ट असताना! बंद डबा, आत दाबलेला गॅस, तेल, आणि हा बाहेरून शेगडी लावतोय. दुसरा नळीच वाइसमध्ये आवळतो. पातळ नळी ती, किंचित अंडाकृती झाली की नवा इन्सर्ट आत जाणार नाही. धरायचंच तर खाली जाड ओतीव भागात धरा.

तिसरा त्याहून थोर. दांड्याच्या टोकावरचा नट आवळताना दांडा फिरतो, म्हणून त्याने दांड्यालाच पक्कड लावली. चकचकीत क्रोमवर दातांचे ओरखडे. तो ओरखडा प्रत्येक हेलकाव्याला सीलमधून वरखाली जाणार, आणि पावसाळा संपायच्या आत तेल बाहेर. खाली ‘खूप उपयुक्त माहिती’ म्हणून साडेतीनशे अंगठे. जुना नट काढायला इम्पॅक्ट गन खुशाल लावा, तो इन्सर्ट फेकायचाच आहे. पण स्प्रिंग दाबून बशीवरचा ताण पूर्ण गेल्यावर. नव्यावर मात्र हाताचा पाना, बास.

आणि ब्रेकची लाइन! ती उघडायला सगळे इतके उतावीळ का असतात? लाइनच्या जोडावरचा पन्नास वर्षांचा फ्लेअर नट, साधा दहाचा पाना लावला की त्याचे कोपरे गोल. मग नवी लाइन, मग हवा काढत बसा. वरचे तीन नट आणि स्वे बारची लिंक सोडून चाकाचा खालचा आर्म खाली दाबला की स्ट्रटचं डोकं फेंडरखालून बाहेर झुकतं, आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना एवढं बघत इन्सर्ट गाडीवरच बदलता येतो. मी हे दुसऱ्या खेपेला केलं. पहिल्या खेपेला लाइन उघडली होती. असो.

भाड्याच्या स्प्रिंग कंप्रेसरबद्दल मी बोलणारच नाही. एक आकडा सरळ, एक वाकडा, आणि आट्यांत मागच्या गिऱ्हाईकाची वाळू.

तर दुसऱ्या खेपेची तयारी म्हणून चकती शोधायला निघालो. दोन दुकानांत फोन, विक्रेत्याला एक कडक ईमेल, त्यात ‘बेजबाबदार’ हा शब्द दोनदा. मग जुनं तेल टाकून द्यावं म्हणून ट्रे उचलला. पहिल्या दिवशी जुना इन्सर्ट काढून नळी त्यात उपडी केली होती, आतलं काळं तेल भळकन पडलं होतं. ट्रे तिरका केला आणि तळाशी काहीतरी सरकलं. चकती. जाड पोलादी चकती, कडा घासून गुळगुळीत केलेली, नळीत अचूक मावणारी. आधीच्या मालकाने तळाशी ठेवलेली.

म्हणजे काखेत कळसा, तोही वापरलेल्या तेलात बुडालेला. ज्या माणसाला गेली तीन वर्षं वायरिंगपासून कार्पेटच्या गोंदापर्यंत शिव्या घालतोय, त्याने हे एक काम चोख केलं होतं. उष्णता नळीपर्यंत जावी आणि इन्सर्टला गंज चढू नये म्हणून तेलही त्यानेच ओतलं होतं, वर फुगायला जागा सोडून. चकती पुसून आत टाकली, इन्सर्ट सोडला, नट फिरवला. फट दिसली. खडखड बंद.

ईमेल मात्र परत घेणार नाही. कागदावर एक वाक्य हवंच होतं.

आता उजवी बाजू. शॉक काय, इन्सर्ट काय, जोडीनेच बदलायचे. तिथला स्प्रिंग उतरवून बूट वर सरकवला तर ग्लँड नट सेंटर पंच मारून नळीला चेपलेला, तीन ठिकाणी. मालक तोच. शिव्या पुन्हा चालू.