‘फुकटचं पुस्तक, फुकटचाच दर्जा’: या संदेशाला उत्तर

गोव्यातल्या कॉलेज शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतोय. त्याचा गाभा असा: कला-वाणिज्याच्या मुलांना जीवशास्त्र शिकवायला ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनाचं ‘कन्सेप्ट्स ऑफ बायॉलॉजी’ घेऊ नका, फुकटच्या पुस्तकात कोणीही काहीही बदलतं, झेरॉक्स काढली तर कॉपीराइटचं लचांड मागे लागेल, आणि आत सगळी अमेरिका, गोव्याचं काहीच नाही. पहिले दोन मुद्दे चूक आहेत. तिसरा अर्धा खरा आहे. जी उणीव खरोखर मोठी आहे, तिचं मात्र संदेशात नावही नाही.

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सने हे पुस्तक 2013 मध्ये काढलं. मूळ प्रतीत बदल तिथले संपादकच करतात. वाचकाने चूक कळवली की ती तपासून दुरुस्त होते. आपल्याला बदलता येते ती आपली स्वतःची प्रत, आणि बदल केलाय हे तिच्यावर लिहावं लागतं. दर्जाबद्दल शंका असेल तर पीडीएफ उघडा आणि तासभर तपासा. ग्लुकोजच्या एका रेणूतून पेशीला एटीपीचे, म्हणजे ऊर्जा पुरवणारे, किती रेणू मिळतात असं दिलंय ते बघा: 36 ते 38 हा जुना हिशोब, आजचा अंदाज 30 ते 32. ‘क्रिस्पर’ हे जनुकांत बदल करायचं नवं तंत्र शोधा, सापडलं नाही तर जैवतंत्रज्ञानाच्या दहाव्या प्रकरणाला जोडपान लागेल. मग एका प्रकरणाखालचे प्रश्न सोडवा आणि उत्तरं त्याच मजकुरातून मिळतात का ते पाहा. विकतच्या पुस्तकालाही हीच परीक्षा लावा, म्हणजे तुलना खरी होईल.

झेरॉक्सबद्दलची भीती तर उलटीच आहे. पुस्तकाचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्यूशन, म्हणजे सीसी बीवाय. छापा, वाटा, मराठी-कोंकणीत भाषांतर करा, दुकानदाराने पैसे घेतले तरी चालतं. श्रेय मात्र नीट द्यायचं: पुस्तकाचं नाव, लेखक, मूळ दुवा, परवाना आणि केलेले बदल. ओपनस्टॅक्सचं नाव, लोगो आणि मुखपृष्ठ या परवान्यात येत नाहीत, म्हणून आपल्या प्रतीला वेगळं मुखपृष्ठ करा. चित्राखाली वेगळा हक्क लिहिलेला असेल तर ते चित्र वगळा. दुसरं कुठलंही मोफत पुस्तक घेताना परवान्याची अक्षरं वाचाच: ‘एनसी’ असेल तर धंद्यासाठी वापर नाही, ‘एनडी’ असेल तर बदललेली किंवा भाषांतरित प्रत वाटता येत नाही. छापताना एक अडचण हमखास येते. रंगावर अवलंबून असलेल्या आकृत्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये कळेनाशा होतात. तेवढी पानं रंगीत काढा. आणि मुलांना पान क्रमांक देऊ नका, 3.5 असा विभाग क्रमांक द्या, कारण वेबवरच्या प्रतीला पानंच नसतात.

आता गोव्याचं. मलेरियाचा परजीवी प्लास्मोडियम तेराव्या प्रकरणात आहे, तो इथेही तितकाच लागू पडतो. सत्तरी तालुक्यातला माकडताप मात्र आपणच घालायचा. 17.1 मध्ये विषाणूंची ओळख आहे, त्याला लागूनच दोन पानं जोडा: 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला विषाणू, तो पसरवणारी गोचीड, आणि माणूस ही साखळीची शेवटची कडी, कारण माणसाकडून माणसाला तो जात नाही. काजूच्या बागायतीत जाणाऱ्या घरातल्या मुलाला हे वाचून विषाणू आणि त्याचा वाहक यांतला फरक लगेच कळतो. परासरण, म्हणजे पेशीच्या पटलातून पाण्याची ये-जा, 3.5 मध्ये आहे. तिथे खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, खारं पाणी शिरलं तर साधं भात का सुकतं आणि कोरगुट जातीचं भात का तग धरतं, हा प्रश्न घाला. सीसी बीवाय परवाना आहे म्हणूनच ही भर त्याच प्रतीत घालून वाटता येते.

आता ती मोठी उणीव. वनस्पतींना एकच विविधतेचं प्रकरण आहे. मूळ-खोड-पानांची रचना आणि पाण्याचं वहन यांना स्वतंत्र जागा नाही. ओपनस्टॅक्सच्याच ‘बायॉलॉजी 2ई’ (दुसरी आवृत्ती) या पुस्तकामध्ये ते आहे, त्यातला भाग उचला. शरीरातल्या बहुतेक संस्थाही सोळाव्या एकाच प्रकरणात कोंबल्या आहेत. शिवाय प्रकरणं 21 आणि तीन क्रेडिटच्या विषयाला तास 45. सगळं घ्यायला गेलं तर प्रकरणामागे जेमतेम दोन तास येतात आणि मुलं नुसत्या व्याख्या पाठ करतात. नऊ-दहा प्रकरणं निवडा. पेशी ग्लुकोजमधून ऊर्जा काढतात ते श्वसन चौथं आणि वनस्पती ग्लुकोज बनवतात ते प्रकाशसंश्लेषण पाचवं आहे. हा क्रम उलटा करून शिकवला तर ग्लुकोज येतं कुठून, हे मुलांना आधीच माहीत असतं.