चेंडूकडे पाहू नका

अमेरिकन फुटबॉल पाहायला मी पिट्सबर्गला आल्यावर शिकले, आणि खरे सांगायचे तर पहिली काही वर्षे मी तो चुकीचाच पाहत होते. चेंडू जाईल तिकडे नजर, आणि मधे जे काही चालले आहे ती नुसती धक्काबुक्की, अशी माझी समजूत होती. प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती दूर केली. ते म्हणाले, पहिले तीन सेकंद चेंडूकडे पाहूच नका, मधल्या माणसांकडे पाहा. चेंडूचे काय झाले ते नंतर चारदा दाखवतात. ते २०१३ साल होते, समोर युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्गचा संघ खेळत होता, आणि त्या मधल्या माणसांत ९७ क्रमांकाचा, इतरांपेक्षा डोळ्यांत भरण्याइतका बुटका असा एक खेळाडू होता. त्याचे नाव ॲरन डोनाल्ड. पुढे दहा वर्षे तो लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाकडून ९९ क्रमांकाच्या जर्सीत खेळला, २०२४च्या मार्चमध्ये निवृत्त झाला, आणि तेव्हापासून त्याच्याविषयी जे काही वाचायला मिळते त्यात १११ हा आकडा हटकून येतो. १११ सॅक, म्हणजे क्वार्टरबॅकला (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) पास टाकण्याआधीच जमिनीवर आणण्याचे १११ प्रसंग. आकडा मोठाच आहे, परंतु डोनाल्ड नेमका काय होता हे त्यातून कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडे सांगायला हवे. आक्रमण करणाऱ्या संघाचे पाच धिप्पाड खेळाडू क्वार्टरबॅकच्या पुढे भिंतीसारखे उभे असतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. या भिंतीच्या मध्यावर धडकणारा बचावपटू म्हणजे डिफेन्सिव्ह टॅकल. कडेने धावत येणाऱ्या बचावपटूला मोकळी जागा मिळते, तो टीव्हीवरही दिसतो. त्याला पाहून क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकतो आणि वाचतो. पण भिंतीचा मधला भागच आत ढकलला गेला असेल, तर पुढे सरकायला जागा उरत नाही. मग कडेचा माणूस येऊन त्याला पाडतो आणि सॅक त्याच्या नावावर लागते. ज्याने वाट बंद केली तो दोन गार्डांच्या हातांत अडकलेला असतो आणि नोंदीत त्याचे नावही नसते. डोनाल्डवर सामन्यामागून सामने दोन-दोन माणसे घातली जात. त्याने मोकळे करून दिलेल्या साथीदारांच्या सॅक कोणत्या वहीत मांडायच्या?

मुळात त्याला या जागेवर खेळवावे की नाही हाच प्रश्न होता. उंची जेमतेम सहा फूट एक इंच आणि वजन २८५ पौंड, म्हणजे सुमारे १२९ किलो. आपल्याला हे अवाढव्य वाटेल, पण समोरचे गार्ड ३१० पौंडांच्या घरात असतात. महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी, २०१३ मध्ये, त्याने आउटलँड, लोम्बार्डी, नागर्स्की आणि बेडनारिक असे चार मोठे पुरस्कार मिळवले होते. निवड चाचणीत चाळीस यार्ड ४.६८ सेकंदांत धावून दाखवले होते. तरीही २०१४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, बारा नावे त्याच्या आधी पुकारली गेली. त्याला तेराव्या क्रमांकावर घेणाऱ्या रॅम्सनेही (तेव्हा तो संघ सेंट लुइसमध्ये होता) आपली पहिली निवड दुसऱ्या क्रमांकावर दुसऱ्याच एका खेळाडूवर खर्च केली होती. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू अर्थात डोनाल्डच ठरला.

त्याचा बुटकेपणा ही उणीव नव्हती, तेच त्याचे भांडवल होते. कुस्ती पाहत वाढलेल्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. पट काढायला खाली शिरणारा मल्ल समोरच्याच्या वजनाशी झुंजत बसत नाही, तो त्याच्या बुडाशी जातो. डोनाल्डची पहिली हालचाल तशीच असे. चेंडू हलला की तो गार्डच्या छातीच्याही खाली जाई, एका हाताने त्याचे मनगट झटकून टाकी आणि दुसरा हात त्याच्या काखेखालून वर काढी. हे सगळे एका श्वासात. हातांचा हा वेग वाढावा म्हणून तो रबरी सुरे घेऊन अंगावर येणाऱ्या प्रशिक्षकासमोर सराव करत असे. त्याची चित्रफीत फिरू लागली तेव्हा सुरे खरे नाहीत असा खुलासाही त्याला करावा लागला होता.

या सरावाचे मूळ पिट्सबर्गमधल्याच एका तळघरात आहे. त्याचे वडील आर्ची डोनाल्ड यांनी घराच्या तळघरात व्यायामशाळा उभी केली होती, आणि शाळकरी ॲरन पहाटे साडेचारला उठून वडिलांबरोबर वजने उचलून मग शाळेत जात असे. मुलगा आळशी होऊ नये एवढाच वडिलांचा मूळ हेतू होता. ही शाळा पेन हिल्स या उपनगरातली. तिथल्या टेकडीवरचे व्यंकटेश्वर मंदिर १९७०च्या दशकातले, अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या हिंदू मंदिरांपैकी एक, आणि आमच्याकडची मराठी मंडळी कितीतरी वर्षे तिथे जात आली आहेत. मंदिराच्या उपाहारगृहात चिंचेचा भात खाताना माझ्या मनात येते, की आपण इथे निवांत पानावर बसायचो त्या काळात याच वस्तीतल्या शाळेचा एक मुलगा पुढच्या दहा वर्षांची तयारी करत होता.

दहा वर्षांचा तपशील मी भराभर सांगते, कारण तो कुठेही मिळेल. दहाही हंगामांत प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड, आठ वेळा ऑल-प्रो म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या संघात, आणि २०१७, २०१८ व २०२० असे तीनदा वर्षातील सर्वोत्तम बचावपटू. २०१७ मध्ये करारावरून तो सरावापासून दूर राहिला, पहिला सामना खेळला नाही, आणि तरी तो पुरस्कार त्यालाच मिळाला. पुढच्या ऑगस्टमध्ये १३.५ कोटी डॉलरचा सहा वर्षांचा करार झाला, जो बचावपटूंतला तोवरचा सर्वांत मोठा होता. हा विक्रम दुसऱ्याच दिवशी खलील मॅक या दुसऱ्या बचावपटूने मोडला. त्या हंगामात डोनाल्डने साडेवीस सॅक केल्या (दोघांनी मिळून केलेली सॅक अर्धी-अर्धी मोजतात), भिंतीच्या मधून येणाऱ्या खेळाडूसाठी जवळजवळ अशक्य असा आकडा.

त्याचा मान ठेवायचा म्हणून एक गोष्ट झाकून ठेवणे मला पटत नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये सिनसिनाटी बेंगल्सबरोबरच्या संयुक्त सरावात मारामारी झाली आणि त्याने हातातले हेल्मेट समोरच्यांवर फिरवले. सामन्यात हे घडले असते तर निलंबन ठरलेले होते. सराव असल्यामुळे शिस्तीचा प्रश्न संघावर सोपवला गेला आणि तिथेच तो विरला. मला ते लाजिरवाणे वाटले.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. १३ फेब्रुवारी २०२२, सुपर बोल म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, समोर हेच बेंगल्स. रॅम्स २३, बेंगल्स २०, आणि मिनिटभरापेक्षा कमी वेळ शिल्लक. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेले तरच चेंडू हाती राहतो. बेंगल्सना त्यातला एक यार्ड हवा आहे, तो मिळाला तर आणखी पुढे सरकून बरोबरीची किक आवाक्यात आणता येईल. तिसऱ्या प्रयत्नात त्यांनी चेंडू धावत नेणाऱ्या पेराइनकडे दिला. डोनाल्डने त्याला मागून पकडून तिथेच थांबवला. चौथा, शेवटचा प्रयत्न. या वेळी मी चेंडूकडे पाहत नव्हते. डोनाल्ड डाव्या गार्डच्या बाजूने आत शिरला, गार्ड वळेपर्यंत तो त्याच्या मागे पोहोचला होता, आणि त्याने क्वार्टरबॅक जो बरोला कमरेला धरून गरकन फिरवले. बरोने पडता पडता चेंडू कसाबसा भिरकावला आणि तो कोणाच्याही हाती लागला नाही. घड्याळात ३९ सेकंद उरले होते. डोनाल्ड हेल्मेट काढून अंगठीच्या बोटाकडे खूण करत धावत सुटला, कारण विजेत्यांना अंगठी मिळते.

चेंडू हातातून सुटलेला असल्याने ही सॅक नव्हे. त्या सामन्यात डोनाल्डच्या नावावर दोन सॅक आहेत, त्यांत ही धरलेली नाही. अधिकृत नोंदीत हा एक अपूर्ण पास आहे आणि सॅकच्या कोणत्याही आकड्यात त्याला जागा नाही. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून झेल घेणाऱ्या कूपर कपची निवड झाली. कप उत्तमच खेळला, पण माझे मत डोनाल्डलाच गेले असते.

निवृत्तीच्या वेळी तो ३२ वर्षांचा होता आणि करारातला एक हंगाम शिल्लक होता. शेवटच्या वर्षीही तो ऑल-प्रो होता. आणखी दोन वर्षे खेळला असता तर सॅक वाढल्या असत्या, असे हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला ती हळहळ समजत नाही. रॅम्सने मात्र आकड्यांपलीकडचा हिशेब बरोबर ओळखला असावा. तो गेल्यावर दीड महिन्याच्या आत झालेल्या ड्राफ्टमध्ये त्यांनी पहिल्या दोन्ही निवडी बचावाच्या याच फळीसाठी वापरल्या, फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे जॅरेड व्हर्स आणि ब्रेडन फिस्क. त्याला अडवायला दोन माणसे लागत, त्याची जागा भरायलाही त्यांनी दोघांनाच आणले.