ममी, सासूबाई आणि काळी चौदस

आज पाचवा दिवस, डब्यात तेच. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमधून बाहेर काढलं की राजमा आधी वाफ सोडतो आणि मग मला आठवण करून देतो की मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून हे केलंय.

झालं असं की २०२४ साली ३१ ऑक्टोबरला हॅलोविन आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी आली. लेकीला हॅलोविनला जेवायला 'ममी' हवी होती, तिच्या मैत्रिणीकडे होते म्हणे दरवर्षी. आम्ही मिनेसोटात राहतो, इथे कॅसरोलला कॅसरोल म्हटलं की लोक दुरुस्त करतात, हॉटडिश म्हणायचं. खाली खिमा, भाज्या आणि मश्रूमचं डब्यातलं घट्ट सूप, वर टेटर टॉट्सची, म्हणजे बटाट्याच्या छोट्या गोळ्यांची, फरसबंदी, आणि ३५० फॅरनहाइटला पाऊण तास. आमच्यात खिम्याच्या जागी राजमा. ममी करायची तर टॉट्सवर पिठाच्या पट्ट्या आडव्यातिडव्या टाकायच्या आणि ऑलिव्हचे दोन डोळे लावायचे. दोन डोळ्यांसाठी ऑलिव्हचा अख्खा डबा फोडावा लागतो, उरलेल्यांचं काय करायचं हे कोणी सांगत नाही.

सासूबाई सहा महिन्यांसाठी बडोद्याहून आल्यात. त्या समोर वाती वळत बसलेल्या. मी क्रेसेंट रोलच्या पिठाचा डबा पिळला, तो फट्ट करून फुटला, त्या दचकल्या. यंदाच्या दिवाळीतला आमच्या घरातला एकमेव फटाका.

"काय बांधताय जावईबापू?"

"ममी."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे? इजिप्तची."

वात अर्धवट वळायची थांबली. "म्हणजे आमच्या सयाजीबागेतल्या म्युझियममधे आहे तसली?"

तर आता बडोद्याच्या म्युझियममधे खरोखरच ममी आहे आणि सासूबाईंनी ती चौथीच्या सहलीत बघितलीय, त्यामुळे पुढचा अर्धा तास घरात एक तज्ज्ञ होता आणि तो मी नव्हतो.

"दोन रात्री झोपले नव्हते मी. आणि ऐका, मेलेल्या माणसाचे डोळे मिटलेले असतात. तुमची टक लावून बघतेय."

"मुलांसाठी आहे हो ते, गंमत."

"गंमतच. दिवाळीच्या दिवशी घरात मढं भाजायचं म्हणजे गंमतच की. आत काय घातलंय?"

"राजमा, मटार, गाजर, सूप."

"सूप कधीचं?"

मी डबा दिला. त्यांनी चष्मा वर करून तारीख वाचली, मनात बेरीज केली. "अजून दीड वर्ष आहे. बरोबर, ममी आहे ना, टिकणारच."

मग टॉट्स कशाचे म्हणून चौकशी. मी उत्साहात सांगून बसलो की १९५३ च्या सुमारास एका कंपनीने फ्रेंच फ्राइज कापताना उरलेल्या बटाट्याच्या तुकड्यांपासून हे करायला सुरुवात केली, आधी ते तुकडे गुरांना जायचे. सांगायला नको होतं. "म्हणजे गुरांच्या तोंडचं काढलंत," एवढंच म्हणाल्या आणि नवीन वात घेतली.

एक सांगतो, पहिल्या दिवाळसणाला ह्याच बाईंनी मला पाटावर बसवून अंगठी दिली होती. बारा वर्षांत मी पाटावरून ओट्यापाशी आलो, हरकत नाही, स्वयंपाक मला आवडतो, पण निदान परीक्षक तरी मागे नको ना. बायको ऑफिसमधून फोनवर म्हणाली, "आई गंमत करतेय रे." आई गंमत करते, मी पॅन घासतो.

"सकाळी कारीट मिळालं नाही म्हणून अभ्यंगस्नानाला चेरी टोमॅटो फोडलात," सासूबाई म्हणाल्या, "जरा थांबला असतात तर हेच पायाखाली घेतलं असतं."

आणि मग काळी चौदस आली. तिकडे गुजरातेत आजच्या दिवशी वडे तळून चार रस्त्यांवर, म्हणजे चौकात, ठेवतात, भोवती पाणी फिरवतात आणि मागे वळून न बघता घरी येतात. घरातला ककळाट, म्हणजे भांडणं-कटकट, बाहेर जातो. मला वाटलं जुन्या आठवणी सांगतायत. सिंकखाली बघतो तर डाळ भिजत घातलेली. म्हणजे कट सकाळपासूनचा होता.

ओव्हनची घंटा वाजली तेव्हा कढईत वडे पडले होते. माझी ममी बाहेर आली तर पट्ट्या फुगलेल्या आणि एक डोळा घसरून हनुवटीवर. लेकीने वाकून नीट बघितलं.

"बाबा, ही ममी नाहीये. हा कोणीतरी आजारी माणूस आहे."

आणि चार वडे खाल्ले. चार! दोन हातात घेऊन जॅकेटवर चढवलेल्या भुताच्या कपड्यांत कँडी मागायला पळाली. बायको आली, तिने वड्यांचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, बडोद्यापासून न्यू जर्सीपर्यंत सगळ्यांना पाणी सुटलं. मागे कोपऱ्यात माझा ९ बाय १३ चा पॅन दिसतोय, अर्धा कापलेला. मावशींनी विचारलं, मागे ते जळलंय काय?

रात्री सासूबाई स्वेटर, शाल, माझे बूट अशा वेषात बाहेर निघाल्या. आमच्या सोसायटीत चार रस्ते कुठेच मिळत नाहीत, सगळे रस्ते गोल फिरून संपतात, म्हणून टपालपेटीचा कोपरा ठरला. समोरचे आजोबा सांगाड्याच्या वेषात दारात कँडी वाटत होते, ते बघतच राहिले. कागदी प्लेटमधे एक वडा. आणि वड्याशेजारी, मला न विचारता, माझ्या ममीचा तुकडा. घसरलेल्या डोळ्यासकट.

"हे कशाला?"

"ककळाट म्हणजे सगळाच काढायचा असतो," असं म्हणून पाणी फिरवलं आणि मागे न बघता आत.

सकाळी ऑफिसला निघताना गाडी हळू केली. प्लेटवर खार बसली होती. तिने वडा दोन्ही हातात धरला, शेजारचा राजमा हुंगला, एक पाऊल मागे सरकली आणि वडा घेऊन झाडावर गेली.