हलवलं म्हणजे वाचवलं का?

परवा ऑफिसात एकीने अंदमानचे फोटो दाखवले. निळंशार पाणी, रंगीत प्रवाळ. मी म्हटलं, "प्रवाळ आपल्या हाजीअलीलाही आहे," तर सगळे हसले. म्हणून हे लिहितेय. जरा लांबेल.

२०१८ च्या सुरुवातीची गोष्ट. कोस्टल रोडचं, म्हणजे समुद्रात भराव घालून होणाऱ्या किनारी रस्त्याचं, काम सुरू व्हायचं होतं. प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सोबत्यांनी आदल्याच वर्षी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा किनाऱ्यावरचे समुद्री जीव दाखवणारा उपक्रम सुरू केला होता. त्यांच्याबरोबर आठ वर्षांच्या लेकीला घेऊन हाजीअलीला गेले. आईने तिच्या पद्धतीने वेळ काढून दिली: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरती, त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. द्वितीया होती, म्हणजे दीडला भरती आणि साडेसातच्या सुमारास सुकती.

पाणी ओसरलं तसे काळे खडक उघडे पडले. प्लॅस्टिक, निर्माल्य, घाण वास, सगळं होतं. आणि एका डबक्यात, टॉर्चच्या उजेडात, तळहाताएवढा राखट चट्टा. मी तर ओलांडूनच गेले असते. लेक वाकली. जवळून पाहिलं तर मधाच्या पोळ्यासारखी बारीक खोबणी, आणि प्रत्येक खोबणीत पांढऱ्या रेघांची एक चांदणी. एकेका खोबणीत एकेक जीव. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन स्वतःचं घर स्वतः बांधणारा. तेही या गढूळ पाण्यात, रोज काही तास उघड्यावर पडून!

हा जीव म्हणजेच प्रवाळ. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. म्हणूनच कोस्टल रोडच्या वाटेत आला तेव्हा परवानग्या घ्याव्या लागल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने वरळी आणि हाजीअलीच्या १८ वसाहती दुसरीकडे नेऊन लावल्या. सगळ्या मिळून एक चौरस मीटरसुद्धा नव्हत्या. ज्यांनी हे काम हाताने केलं त्यांच्या कष्टांबद्दल मला काही म्हणायचं नाही.

पण आपण मुंबईकर आहोत, आपल्याला हे कळायला हवं. चाळीतली अठरा बिऱ्हाडं संक्रमण शिबिरात नेली आणि चाळ पाडली, तर चाळ वाचली असं आपण म्हणतो का? त्या खडकावर स्पंज होते, कालवं होती, कपारीत चिंबोऱ्या होत्या. त्यांची नावं त्या पहिल्या अनुसूचीत नाहीत, म्हणून ते भरावाखाली गेले. माझी नेहमीची कोळीण मावशी एका वाक्यात सांगते, "खडप गेलं की मासळी गेली, बाय." पिल्लं कपारीत वाढतात हे तिला कुठल्या अहवालात वाचावं लागत नाही.

तिकडे मोठ्या प्रवाळभित्तींचे हाल वेगळेच. समुद्राच्या तळाचा एक टक्काही त्यांनी व्यापलेला नाही, तरी समुद्रातल्या जवळजवळ पाव जाती त्यांच्या आसऱ्याला असतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतो. त्या शेवाळावरच त्याचं पोट, त्यामुळे पांढरा पडतो आणि पाणी वेळेत निवलं नाही तर उपाशी मरतो. लक्षद्वीपने हे १९९८, २०१०, २०१६ असं पुन्हा पुन्हा सोसलं. एप्रिल २०२४ मध्ये तर जगभरातल्या विरंजनाची, म्हणजे प्रवाळ असं पांढरं पडण्याची, चौथी लाट जाहीर झाली. आपल्या मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, म्हणजे पाण्याखालचं प्रवाळाचं पठार. ही आपली ठेव आहे, आणि तापणारं पाणी काही सरकारी हद्द बघून थांबत नाही.

ते तापमान मी एकटी कमी करू शकत नाही. पण किनाऱ्यावर भराव घालायचा की खांब, हे ठरवणं मुंबईच्या हातात आहे. वांद्रे-वरळी सी लिंक २००९ पासून खांबांवरच उभा आहे ना? यापुढे किनाऱ्यावर काहीही बांधायच्या आधी तिथल्या खडकांची वर्षभर, सगळ्या ऋतूंत पाहणी व्हावी आणि ती मराठीत लोकांपुढे यावी. काम सुरू झाल्यावर धावपळ करून चार वसाहती उचलणं याला मी संरक्षण म्हणणार नाही.

येत्या द्वितीयेला आम्ही पुन्हा जातोय. यायचं असेल तर खाली लिहा. बूट घट्ट तळव्याचे घाला, खडक निसरडे असतात. आणि एखादा दगड उलटून पाहिलात, तर होता तसाच परत ठेवा.