दोन्ही सारखेच तर आहेत!

पाहुण्यांना एक डबा दाखवणं सोपं असतं. पंचाईत होते ती त्याच्या शेजारचा दुसरा दाखवताना. "अरे, हा तर आहे ना तुझ्याकडे?" ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या हॉलमध्ये हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की आता बायकोच चहा ठेवता ठेवता सांगून टाकते, "आहे हो. पण त्याचं दार वेगळंय."

मी लायनेल कंपनीच्या खेळण्यातल्या जुन्या मालडब्यांच्या नादी लागलोय. अमेरिकन कंपनी, 1900 सालची; कारखाना न्यू जर्सीत. तिच्या 6464 मालिकेतले पहिले चार डबे 1953 साली बाजारात आले. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, त्याला त्या वर्षी बरोब्बर शंभर वर्षं होत होती. एवढ्या इतिहासाच्या गावात राहून मी न्यू जर्सीचे डबे गोळा करतो, हे सासरेबुवांना अजून पचलेलं नाही.

बरं, इंजिन आहे का? नाही. रूळ? तेही नाहीत. ते तीन रुळांचं प्रकरण असतं, वर ट्रान्सफॉर्मर 110 व्होल्टचा. "म्हणजे हे धावत नाहीत?" नाही. "मग करतात काय?" उभे असतात. कळवा कारशेडमध्ये आख्ख्या लोकल उभ्या असतात, त्यांना कुणी काही विचारत नाही.

खरी गंमत फरकांत आहे. मिसूरी पॅसिफिक या अमेरिकन रेल्वे कंपनीच्या नावाचा डबा घ्या, 6464-150. निळा-करडा रंग, पिवळं दार. एकावर 'ईगल' हा शब्द दाराच्या डावीकडे, दुसऱ्यावर उजवीकडे. आधीच्या डब्यांची दारं सपाट, एकाच मोठ्या चौकटीची; नंतरच्यांना बऱ्याच लहान चौकटी. साचा बदलला तशा अंगावरच्या रिव्हेटच्या ओळीही बदलल्या. वेस्टर्न पॅसिफिकच्या पहिल्या चंदेरी डब्यावरची अक्षरं निळी असतात. लाल असली की किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते. आणि हे सगळं झालं कशामुळे? बरेचदा कुणीतरी आदल्या खेपेची उरलेली दारं लावून टाकली, नाहीतर हाताशी होतं त्या रंगाचं प्लॅस्टिक साच्यात ओतलं म्हणून. कारखान्यातल्या माणसाने संध्याकाळी घरी जायच्या घाईत केलेल्या कामावर आम्ही पोथ्या लिहितो. माझं तर मत असं की तो नीटनेटका असता, तर हा छंदच उभा राहिला नसता.

म्हणून डबा हातात आला की आधी दार सरकवायचं आणि आत टॉर्च मारायचा. बाहेरून बरेचदा रंगवलेलं असतं. मूळ प्लॅस्टिक कोणत्या रंगाचं, ते आतून कळतं. रसायनं लावून 'दुर्मीळ' रंग तयार करणारे महाभागही असतात. मी टॉर्च घेऊन डोळा लावला, की मुलगी मैत्रिणींना सांगते, बाबा चेकअप करतायत.

त्यात मूळ खोकं असलं तर भाव आणखी वर. नारिंगी-निळं पुठ्ठ्याचं खोकं, झडपेवर डब्याचा नंबर. न्यू जर्सीत सत्तर वर्षं टिकलेला पुठ्ठा ठाण्याच्या एका जुलैत मऊ पडतो. त्यामुळे घरात कुणीही नवी चप्पल आणली, की मी आधी आतली सिलिका जेलची पुडी मागून घेतो. चप्पल कशी आहे, ते नंतर.

परवा कोपरीहून काका आले. मालगाडीचे निवृत्त गार्ड. मी मनाची तयारी करून दोन मिसूरी पॅसिफिक पुढे ठेवले. काकांनी चष्मा पुसला, दोन्ही उलटेपालटे केले. "आमच्या वॅगनला अकरा आकडे असायचे," ते म्हणाले. "त्यात बांधणीचं सालसुद्धा. हे चार आकड्यांत काय कळणार?" मग थांबले, दारावरून अंगठा फिरवला. "पण ही दारं एका खेपेची नाहीत."

मला गहिवरून आलं. इतक्या वर्षांत पहिला माणूस भेटला! मी टॉर्च दिला, खोकी काढली, लाल अक्षरांचं सांगितलं. आम्ही दोघं जमिनीवर मांडी घालून बसलो. तासाभराने काकांनी गार्डाच्या खणखणीत आवाजात विचारलं, "पण पडला केवढ्याला रे हा?"

स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला.

"काका," मी म्हणालो, "तेव्हा डॉलर फार स्वस्त होता."